छत्रीखालचा मामा

मराठी लग्नात मामाची जागा ठरलेली असते. मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, फेटा सावरायचा आणि हे सगळं आपल्यामुळेच पार पडतंय असा चेहरा करायचा. मी मात्र रिटायर झाल्यापासून लग्नसराईतले बरेचसे मुहूर्त दुसऱ्यांच्या भाच्यांच्या लग्नात काढतो, आणि तेही एका पांढऱ्या छत्रीखाली. माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याचा एक फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, उंच स्टँडवर, छत्रीत तोंड खुपसून बसलेला असतो. मुंबईतल्या आमच्या गोवंडीच्या लग्नात असा स्टँड एकटा सोडता येत नाही. पोरं धावतात, जेवणाची रांग वळसा घेते, नाचताना कुणाचा तरी कोपर लागतो. मोठ्या स्टुडिओतले लोक स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधतात. भाच्याने मामा बांधला.

काम तसं सोपं आहे. भाच्याच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅश बसवायच्या खाचेत, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी असते. तो ट्रिगर. माझ्याकडच्या फ्लॅशच्या पोटात रिसिव्हर. तो तिकडे स्टेजजवळ बटण दाबतो आणि इकडे माझ्या डोक्यावर वीज चमकते. मध्ये तार नाही. हे तार नसणं पचायला मला वेळ लागला, कारण माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तारांच्या संगतीत गेली. तार असली की ती कुठेतरी तुटलेली सापडते, जोडता येते, निदान कुणाला तरी खांबावर चढवता येतं. हवेत काय तुटलं ते बघायला चढणार कुठे?

भाचा ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकला त्यांच्याकडे तारच होती. कॅमेऱ्याच्या अंगावरच्या एका बारीक भोकातून निघून फ्लॅशपर्यंत जाणारी काळी सिंक कॉर्ड. ती नवरानवरीच्या पायापाशी पसरलेली असायची आणि सप्तपदी त्या तारेवरून व्हायची. शालू तारेत अडकणं ही नेहमीची गोष्ट. मग ‘स्लेव्ह’ आले. फ्लॅशला एक बारीक डोळा, दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की हाही चमकणार. तार गेली म्हणून उस्ताद खूश झाले, पण तेवढ्यात छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा जमाना आला आणि प्रत्येक आत्याच्या पर्समध्ये एकेक फ्लॅश आला. तो डोळा बिचारा आपलं-परकं ओळखत नसे. कुठल्याही आत्याने कुठलाही नातू टिपला की उस्तादांचा फ्लॅश सलामी द्यायचा. वर त्या कॅमेऱ्यांना डोळे लाल येऊ नयेत म्हणून आधी एकदोनदा उगीच लुकलुकायची खोड. उस्तादांचा फ्लॅश त्या लुकलुकण्यालाच भुलून रिकामा व्हायचा आणि खऱ्या वेळी दम खात बसायचा.

रेडिओ ट्रिगर डोळ्यावर विसंबत नाही. तो ठरलेल्या चॅनलवर ठरलेली खूण पाठवतो आणि रिसिव्हर ती खूण ओळखूनच पेटतो. हे मला समजलं ते बँडवाल्यांमुळे. आपल्याकडे शेवटच्या ‘सावधान’ला वाजंत्री वाजली पाहिजेत, पण वाजंत्री असतात बाहेर आणि भटजी आत. म्हणून दारात एक माणूस उभा करतात. अंतरपाट बाजूला झाला की त्याने रुमाल हलवायचा आणि बाहेर ढोल-सनई सुरू. शिष्टमंडळ पाठवायला वेळ नसतो, ओरडून ऐकू जात नाही, म्हणून रुमाल. आणि कधीतरी त्याच माणसाने घाम पुसायला रुमाल काढला की तिसऱ्याच मंगलाष्टकाला बँड वाजतो आणि अर्ध्या हॉलच्या अक्षता फुकट जातात. भाच्याच्या भाषेत याला ‘मिसफायर’ म्हणतात.

फरक एवढाच की भाच्याच्या रुमालाला फार घाई असते. कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. एक उघडतो, त्याच्यामागून दुसरा मिटत येतो. सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंत मध्ये एक क्षण असा मिळतो की अख्खी चौकट उघडी असते. फ्लॅश तेवढ्यात पेटून विझला पाहिजे. वेग त्याहून वाढवला की पहिला पडदा पुरता उघडायच्या आत दुसरा निघालेला असतो, आणि मग फोटोत नवरीच्या अंगावर काळा पट्टा येतो. वरमाईला तो पट्टा तांत्रिक कारणाने आलाय हे समजावण्याची सोय कुठल्याही यंत्रात नाही. फ्लॅशचा उजेड टिकतो सेकंदाचा हजारावा भाग, कधी त्याहूनही कमी. रेडिओची लहर तीस मीटरचा हॉल ओलांडते सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. म्हणजे या सगळ्या कारभारात आळशी कोणी असेल तर ते पडदे, आणि अर्थात नवरदेव. त्याला ‘हसा’ म्हटल्यापासून हसू ओठांपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लहर चंद्रावर जाऊन परत येईल.

दुरून ठिणगी पाडण्याची ही हौस आपल्या देशात जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये न दिसणाऱ्या लहरी सोडून लांबवर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. मध्ये भिंती होत्या, आणि लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेंझीसाहेबांचा देहही होता. लहरी दोन्हींतून आरपार गेल्या. त्याआधी थोडीच वर्षं, १८८७मध्ये, जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाली होती. तीही दारूसारखी भडका उडवून पेटायची. बोसबाबूंच्या त्या दारूसमोर एखादा कॅमेरा उघडा ठेवला असता तर माझ्या भाच्याचा धंदा तेव्हाच सुरू झाला असता. अर्थात गव्हर्नरसाहेबांना छत्री धरून उभं करणं अवघड गेलं असतं.

हे यंत्र हातात घेताना मला अजून एक धाकधूक वाटते, ती सरकारी नोकराची. बिनतारी यंत्र म्हटलं की १९३३चा कायदा, परवाना, शिक्का. आमच्या लहानपणी घरात नुसता रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. वडील ते परवान्याचं पुस्तक रेशनकार्डाच्या जोडीने ट्रंकेत ठेवत. आणि हा पोरगा खिशात चक्क प्रक्षेपण केंद्र घेऊन फिरतो! भाच्याने शांतपणे सांगितलं, ‘मामा, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीच मोकळा केलाय. कमी ताकदीचं यंत्र असेल तर लायसन लागत नाही.’ खरं आहे ते. वाय-फाय, ब्लूटूथ आणि भाचा, सगळे त्याच मोकळ्या मैदानात खेळतात. मी मात्र अजून खाकी कपड्यातला माणूस दिसला की छत्री जरा खाली घेतो.

गोवंडीत फोटो काढायचे म्हणजे एका धर्माच्या हिशेबाने भागत नाही. सकाळी बुद्धविहारात त्रिसरण-पंचशील, नवरानवरी दोघं पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. तिथे फ्लॅश निम्म्यावर आणायचा, नाहीतर साडीचं विणकाम उडून नुसता पांढरा ढग उरतो. दुपारी भरजरी शालू, तिथे ताकद वाढवायची. संध्याकाळी शिवाजी नगरात निकाह, नवऱ्याच्या तोंडावर सेहरा, आणि मोगऱ्याच्या त्या चिकाच्या पडद्यातून उजेड आत शिरवायचा म्हणजे स्टँड पार खाली, बाजूला घ्यावा लागतो. ताकद वर-खाली करायला पूर्वी मीच फ्लॅशची बटणं दाबायचो. आता भाचा कॅमेऱ्यावरूनच करतो, ग्रुप ‘ए’ कमी, ग्रुप ‘बी’ जास्त. माझ्याकडे उरलं ते उभं राहणं.

बायकांच्या बाजूचे फोटो निकाहात भाच्याची एक सहकारी मुलगी काढते. पडद्याच्या पलीकडे तिचा कॅमेरा, तिचा ट्रिगर. एकदा दोघांनी एकच चॅनल ठेवला होता. तिकडे बायकांच्यात बटण दाबलं की इकडे पुरुषांच्यात लखलखायचं. एका बुजुर्ग चाचांनी मला विचारलं, ‘भाईसाब, आप बार-बार किसकी फोटो निकाल रहे हो?’ पडदा नजरेसाठी असतो. २.४ गिगाहर्ट्झला तो कापडाचाच एक तुकडा. या लहरीला खरं अडवतो तो माणूस. आपल्या अंगात पाणी फार, आणि या लहरी पाण्यात मुरतात. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेला ट्रिगर आहेर द्यायला गर्दी लोटली की वीस मीटरवर दम सोडतो. म्हणून भाचा सांगतो, ‘मामा, हात वर करा.’ मी छत्रीसकट हात वर करतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मामा नवऱ्यामुलाला आशीर्वाद देतोय.

गोवंडीचा एक फायदाही सांगितला पाहिजे. नवरानवरीच्या पाठीमागे फ्लॅश लपवून उलटा मारला की उजेडाची किरणं हवेत दिसतात, फोटोला स्वप्नाळू झाक येते. श्रीमंत लग्नांत त्यासाठी धुराचं मशीन भाड्याने आणतात. आमच्याकडे १९२७पासून देवनारची कचरापट्टी आहे. २०१६च्या जानेवारीत ती पेटली तेव्हाचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला होता. एरवी तो फक्त आम्हाला दिसतो. करिझ्मा अल्बमच्या जाड पानावर तो फार सुंदर येतो, आणि नवरी नंतर विचारते, ‘दादा, हे इफेक्ट कुठल्या ॲपमध्ये मिळतं?’

पण या डबीने खरी करामत केली ती एका हळदीच्या दिवशी. पुनर्वसनाच्या इमारतींत घर. त्या कशा आहेत हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिलं नाही त्याला पटणार नाही. दोन इमारतींमध्ये एवढंच अंतर की समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी मोजून आपण आपला गॅस बंद करावा. खालच्या मजल्यांवर दिवसासुद्धा ट्यूबलाइट. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींतल्या क्षयरोगाचा संबंध तिथल्या कोंदट, बिनउजेडाच्या घरांशी आहे, असं अभ्यास करणाऱ्यांनी सांगून झालंय. तर अशा दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नवरीची हळद, आणि नवरीने मोबाइलवर एक फोटो दाखवून ठेवलेला: कोवळ्या उन्हात बसलेली, हळद लावलेली मुलगी, खिडकीतून तिरपं ऊन गालावर. ‘असा पाहिजे.’

भाच्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ऊन नव्हतं, समोरच्या काकू होत्या. त्या वांगी चिरत होत्या.

पुढच्या पाच मिनिटांत मी आमचा जिना उतरून त्यांचा जिना चढलो, फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन पेपर चिकटवला आणि काकूंच्या खिडकीच्या ग्रिलला, वाळत घातलेल्या गाऊनच्या शेजारी, सूर्य बांधला. तारेच्या काळात हे झालं नसतं. तार दोन इमारतींच्या मधून टाकायची तर आधीच तिथे केबलवाल्यांनी, इंटरनेटवाल्यांनी आणि कावळ्यांनी जागा अडवलेली. डबीला मात्र ती फट ओलांडायला काहीच लागलं नाही. पलीकडे भाच्याने बटण दाबलं, अलीकडे काकूंच्या खिडकीत भडका झाला आणि समोरच्या अंधाऱ्या खोलीत सकाळचे आठ वाजले.

काकूंनी चिरणं थांबवलं. मग भाचा खिडकीतून ओरडू लागला, ‘काकू, सूर्य जरा डावीकडे!’ काकूंनी सूर्य डावीकडे केला. ‘थोडा वर!’ वर केला. दहा मिनिटांत त्यांना त्यातलं इतकं समजायला लागलं की भाच्याने न सांगता त्या स्वतःच म्हणाल्या, ‘तिच्या नाकाची सावली ओठावर पडतेय रे, जरा खाली घेते.’ आम्ही ज्याला लायटिंग म्हणतो ते त्या वर्षानुवर्षं करत होत्या. कुठल्या महिन्यात, किती वाजता, ग्रिलच्या कुठल्या चौकोनात चार बोटं ऊन येतं आणि तिथे पापड सरकवायचे, हे त्यांना पाठ होतं.

नवरीच्या घरात एक आजी होत्या, भिंतीला टेकून बसलेल्या. पहिल्यांदा खोली उजळली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ऊन आलं वाटतं.’ दुसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी भाच्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, ‘बाळा, हे जरा वेळ चालूच ठेवता येईल का? गोधडी दमट झालीये.’ भाचा फोटोग्राफर आहे, त्याच्याकडे ‘नाही’ म्हणायच्या पुष्कळ सभ्य तऱ्हा आहेत. त्या वेळी त्याला एकही सुचली नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाला गोधडी वाळत नाही हे आजींना कसं सांगायचं? त्याने नुसतीच गोधडी उचलून गच्चीवर नेऊन टाकली आणि हळदीचा कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला. फोटो मात्र असे आले की पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे ईस्ट फेसिंग आहे का?’

भाच्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो कायम असतो. तो त्याचा नाही, नयन खानोलकर यांचा. आरे कॉलनीतल्या वारली पाड्याची अरुंद बोळ, आणि रात्री तिच्यातून बिबट्या निघालाय, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या रुबाबात. ‘द ॲली कॅट’ नावाच्या या फोटोला २०१६ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं. कॅमेरा तिथे लावून ठेवलेला, माणूस कोणी नाही. फ्लॅश असे मांडलेले की बोळीतल्या रोजच्या दिव्यांचाच उजेड वाटावा. मनासारखा फोटो मिळायला चार महिने लागले. बिबट्याने येऊन आपलं आपणच बटण दाबल्यासारखं ते काम. कुमाऊंच्या जंगलात फ्रेडरिक चॅम्पियन नावाचा वनाधिकारी १९२०च्या दशकात हेच करायचा. वाटेत तार बांधायची, वाघाचा पाय पडला की मॅग्नेशियम पेटणार आणि वाघ स्वतःचा फोटो काढून घेणार. भाचा म्हणतो, असं गिऱ्हाईक पाहिजे. ‘ॲडव्हान्स देत नाही हे खरं, पण मामा, तो फोटो बघून माझं पोट दिसतंय असं तरी म्हणत नाही.’

आता चॅनलचं सांगतो. या यंत्रांना सोळा, बत्तीस असे चॅनल असतात. नवीन यंत्रांत त्यावर आणखी एक ओळख-क्रमांकही घालता येतो. पण खोक्यातून निघताना यंत्र बहुधा एकवर असतं आणि फोटोवाला खोक्यातून निघाल्याबरोबर लग्नाला निघतो. त्यामुळे सगळ्या लग्नसराईचा कारभार चॅनल एकवर, ग्रुप ‘ए’वर चालतो. माळरानावर एक बंगला असेल तर हे खपतं. गोवंडीत मुहूर्त एक, गल्ली एक आणि मांडव दोन. आमच्या मांडवाच्या कापडाला पाठ लावून पलीकडचा मांडव, त्याच्या स्टेजच्या मागे आमच्या जेवणाच्या कढया.

अशाच एका लग्नात भाचा लेन्स बदलत असताना माझा फ्लॅश उडाला. मग परत. मग एकदम पाच-सहा वेळा. मी छत्रीकडे पाहिलं, छत्री निर्विकार. माझ्या स्टँडसमोर पहिल्या रांगेत एक मावशी बसल्या होत्या. त्यांना वाटलं, हा कोपऱ्यातला म्हातारा गुपचूप आपलेच फोटो काढतोय. पहिल्या चमकीला त्यांनी पदर सारखा केला. दुसऱ्या चमकीला मंगळसूत्र पुढे घेतलं. तिसरीपासून त्या तयारच बसल्या, मान किंचित तिरपी, ओठ मिटून हसू. पलीकडच्या मांडवात कुणा अनोळखी फोटोवाल्याने नवरदेवाच्या मित्रांचा घोळका टिपला की अलीकडे मावशी हसायच्या. इतकं मनापासून आणि इतक्या वेळा हसलेलं मी त्या लग्नात दुसरं कोणाला पाहिलं नाही, आणि त्यातलं एकही हसू कुठल्या कॅमेऱ्यात गेलं नाही. मला राहवेना. मी भाच्याला खूण करून बोलावलं आणि म्हटलं, ‘आधी या मावशींचा एक काढ, मग बाकीचं बघ.’

बाकीचं वाढतच होतं. फ्लॅश परक्याच्या बटणाने रिकामा झाला की पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद जातात, आणि आम्हाला नेमका त्याच दोन-तीन सेकंदांत हार पडलेला दिसायचा. हार अंधारात पडायचा. पेन्सिल सेल तापले ते वेगळेच. शेवटी भाचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून मांडवाचं कापड उचलून पलीकडे गेला. मला वाटलं आता भांडण. पण पलीकडचा फोटोवाला त्याच्याआधीच कापडाशी येऊन उभा होता, तोच प्रश्न घेऊन. त्याच्याकडेही एका काकांनी तासभर कोट घालून ठेवला होता, उकाड्यात.

भाचा परतला तो हातात जिलबीची प्लेट घेऊन.

‘काय ठरलं?’ मी विचारलं.

‘ते एकवरच राहतात, त्यांचे तीन फ्लॅश आहेत, सगळे बदलायला वेळ जाईल. मी सात म्हटलं, तर ते म्हणाले सात नको, मागच्या गल्लीत साखरपुडा आहे, त्यांचा सात आहे. अकरावर मस्जिदीसमोरचा वलीमा. पाचवर एक बारसं.’

‘मग?’

‘तेरा रिकामा आहे. लग्नसराईत तो कायम रिकामाच असतो, मामा. कोण घेणार? एक घर नाही की जिथे तेराव्याचं जेवण झालं नाही.’

त्याने दोन बटणं दाबली, मी माझ्याकडे दोन दाबली. छोट्या निळ्या पाटीवर १३ आलं. संबंध मुहूर्तात त्यानंतर आमचा फ्लॅश एकदाही चुकला नाही. दर क्लिकला उजेड, अंतरपाट दूर होतानाचा तर असा आला की भाच्याने तो दुकानाच्या काचेवर लावलाय. आता पुढच्या तारखांनाही आम्ही तोच चॅनल धरून ठेवलाय. फक्त मुलीचे वडील जवळ येऊन यंत्रात डोकावायला लागले की मी अंगठा त्या पाटीवर ठेवतो आणि विचारतो, ‘जेवलात का?’